रीळ सात

जानेवारीत नाशिकची हवा पापडासारखी.
प्रिंट स्वतःलाच चिकटते, सुटताना तडतडते,
अंधारात लोकरी स्वेटर काढल्यावर उडते तशी ठिणगी.
म्हणून इद्रीसभाई कोकणी बूथमध्ये ओली गोणपाटं टांगायचे
आणि मला सांगायचे,
तांबट, पाणी फरशीवर मार. मशीनवर नको.

त्या आठवड्यातली प्रिंट मालेगावहून आलेली,
एसटीच्या टपावरून, डब्याला पोचा पडलेला.
तीन दिवस बिनतक्रार चालली.
चौथ्या रात्री सातव्या रिळात
पडद्यावरच्या माणसांची डोकी उडाली
आणि त्यांच्याच पायांखाली येऊन बसली,
मध्ये काळी पट्टी.
खालून शिट्ट्या. कुणीतरी खुर्ची आपटली.
इद्रीसभाईंनी न बघता फ्रेमिंगची कळ फिरवली,
डोकी जागेवर.

शो संपल्यावर तपासणी.
गेट उघडून दात घासायच्या ब्रशनं मळ काढला.
स्प्रॉकेटचा एकेक दात नखानं चाचपला,
आकडा झालेला एकही नाही.
लूप वर दोन बोटं, खाली दोन बोटं.
शू अर्धा पेच सैल केला, पुन्हा आवळला.
मी टॉर्च धरून उभा,
खिशात काडेपेटी, काड्या नसलेली.

पाचव्या रात्री तेच, त्याच जागी.
या वेळी त्यांनी खिडकीकडे पाठ केली होती, कान मशीनला.
ऐकलंस? आधी चित्र अडखळलं, मग टप्प.
चित्राची खिडकी वर, आवाजाचा दिवा वीस फ्रेम खाली.
जोड आहे. मालेगावचा नाही, त्यांची टेप पिवळी असते.

रिवाइंडच्या टेबलावर त्यांनी माझा अंगठा धरला,
सुती हातमोज्यातला,
आणि फिल्मच्या कडेवर ठेवला.
मोज.
चार. चार. चार. तीन.
चार भोकांची एक फ्रेम, तांबट. इथलं एक गेलंय.
एका भोकाची चोरी कुणी करत नाही.
पाच गेलीत.

हिरॉईन असेल असं त्यांना वाटलं.
सगळे डोअरकीपर तिचेच तुकडे मागायचे.
मी काडेपेटी उघडली.
त्यांनी तुकडा दिव्यावर धरला, चष्मा कपाळावर सारून.
तिचा फक्त खांदा होता, धूसर.
मागं तांबट आळी, शूटिंग झालं तेव्हाची,
आणि एक माणूस घंगाळावर हातोडी उगारलेला,
कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारा.

वडील? 
हो.
दाखवलंस त्यांना?
दाखवलं. बल्बखाली.
काय म्हणाले?
म्हणाले, हातोडी वरच अडकलीय.

ठोकून ठोकून बाबांचे कान गेलेले, हे त्यांना माहीत होतं.
तरी त्यांनी कडेची नागमोडी रेघ दाखवली.
हा आवाज यांचा नाही.
सेकंदभर नंतर कुणीतरी हसतं ना, ते हसू आहे.
यांचा आवाज वीस फ्रेम आधी छापलेला,
तो प्रिंटमध्येच राहिला.
तू माणूस नेलास, आवाज इथंच.

रागावतील म्हणून मी वाट बघत होतो.
त्यांनी ब्लेड पुसलं, माझी टेप सोलून काढली,
पाच भोकं पिनांवर बसवली,
दोन्ही बाजूंनी नवी टेप, वर बोळा फिरवला, फुगा नको.

सहाव्या रात्री दोनदा टप्प झालं, अगदी लागोपाठ,
पडदा हलला नाही.
मी खिडकीला नाक लावून होतो.
हातोडी खाली आली.

शुक्रवारी प्रिंट मनमाडला गेली.
डब्यातल्या चिठ्ठीवर त्यांच्या उर्दू वळणाच्या मराठीत:
रीळ सात, जोड दोन, मजबूत. कापू नये.

रविवारी बाबांनी हातानंच विचारलं,
अंगठा आणि तर्जनी, मध्ये इंचभर जागा:
ते कुठंय?
मी त्यांच्या कानाशी ओरडलो,
मनमाडला!
ते हसले. भाडं कुणी दिलं, म्हणाले.